तांदळाच्या डब्यातले पिग्मी कार्ड

बेळगावातील एका पतसंस्थेचे पिग्मीचे सॉफ्टवेअर करून देण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले, तेव्हा ते महिन्याभरात उरकेल असे मी संचालक मंडळाला बेधडक सांगून टाकले होते. हिशेब सरळ दिसत होता. एजंट रोज दुपारी-संध्याकाळी दुकानोदुकानी आणि दारोदारी फिरतो, कुठे वीस तर कुठे दोनशे रुपये घेतो, ग्राहकाच्या कार्डावर आकडा घालून सही करतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेत भरणा करतो. यातला कार्डाचा भाग काढून तिथे खिशात मावणारे मशीन द्यायचे, एवढेच काम होते. प्रत्यक्षात ते आठ महिने चालले आणि त्यातले जेमतेम सहा आठवडे प्रोग्रॅम लिहिण्यात गेले. उरलेला वेळ कशात गेला, हे सांगण्यासाठी हा लेख आहे, कारण माणसांसाठी संगणक प्रणाली रचताना जी बाजू आराखड्यात कधीच दिसत नाही, ती मला तिथे पहिल्यांदा नीट दिसली.

पिग्मी हा शब्द बेळगाव, निपाणी, खानापूर भागात इतका मुरला आहे की तो आला कुठून, हे कोणी विचारत नाही. उडुपीमध्ये १९२५ साली स्थापन झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेने १९२८ मध्ये ही योजना काढली. दारात येणाऱ्या माणसाजवळ रोज दोन आणे द्यायचे, एवढीच तिची कल्पना होती. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी मात्र सीमाभागातल्या गल्लीगल्लीत तशीच चालू आहे. तिचे यश व्याजदरात कधीच नव्हते. ओळखीचा माणूस रोज ठरल्या वेळी येतो, त्याच्यासमोर नाही म्हणायला संकोच वाटतो आणि म्हणून पैसे बाजूला पडतात, ही त्यातली खरी यंत्रणा होय. मला संगणकात घालायची होती ती हीच यंत्रणा, आणि माझ्या आराखड्यात नेमकी तीच नव्हती.

संचालकांची काळजी अनाठायी होती असे मुळीच नाही. कार्डावर आकडा घालून तो संस्थेच्या वहीत कमी दाखवण्याचे प्रकार पिग्मीच्या धंद्याला नवे नाहीत, आणि त्यात बुडतो तो नेहमी लहान ग्राहक. म्हणून मशीनमध्ये तीन गोष्टी ठरल्या: रक्कम घेतली त्याच क्षणी नोंद, जागच्या जागी छापील पावती, आणि ग्राहकाच्या मोबाईलवर लगेच एसएमएस. एजंट आणि संस्था या दोघांनाही वगळून ग्राहकाला थेट कळवणारा हा एसएमएस मला त्या सगळ्या रचनेतला सर्वांत प्रामाणिक भाग वाटत होता.

मशीन सुरू होऊन पंधरा दिवस झाले नसतील, तोच शहापूर भागातली, घरी साड्यांना फॉल-पिको करणारी एक बाई संस्थेत आली आणि काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाली, "तो मेसेज बंद करा बघा. फोन घरच्यांकडं असतोय." तिचे पिग्मी कार्ड काही वर्षे तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलेले होते आणि घरात ते कोणालाच ठाऊक नव्हते. एजंट येई तो दुपारी तीनच्या सुमारास, नवरा कामावर असताना, आणि कार्डावर सही करून पुढच्या घरी जाई. खाते उघडण्याच्या नव्या अर्जात मी मोबाईल क्रमांकाचा रकाना सक्तीचा केला होता. घरात एकच फोन होता, तिने तोच क्रमांक दिला होता. नवऱ्याबद्दल ती काही वाईट बोलली नाही आणि मीही काही विचारले नाही. पण तिची गुप्त बचत ज्या दिवशी उघड झाली, त्या दिवशी माझ्या प्रणालीत कोणताही बिघाड नव्हता. ती शंभर टक्के बरोबर चालत होती.

त्याच महिन्यात दुसरी गोष्ट घडली. नोंदींच्या वेळा तपासणाऱ्या अहवालात सर्वांत जुन्या आणि सर्वांत विश्वासू एजंटाचे नाव लाल रंगात येऊ लागले, कारण त्याच्या पंचवीस-तीस नोंदी रात्री आठच्या सुमारास पाच मिनिटांच्या आत झालेल्या असत. मी त्याच्याबरोबर एक संध्याकाळ फिरलो. पावसाळ्याचे दिवस होते, गिऱ्हाईक नव्हते, आणि गणपत गल्लीच्या कोपऱ्यावरचा एक फळवाला म्हणाला, "मामा, आज तुम्हीच घाला, शनिवारी देतो." मामांनी मान डोलावली आणि पुढे निघाले. अशी चार-पाच गिऱ्हाइके झाली. कोणी कालचे आणि आजचे एकदम दिले, कोणी पाचशेची नोट देऊन आठवड्याचे सांगितले. शेवटी चहाच्या टपरीवर बसून मामांनी खिशातली चिठ्ठी काढली, कोणाचे पदरचे घालायचे, कोणाचे उद्यावर टाकायचे याचा मेळ घातला आणि मग एका दमात सगळ्या नोंदी मशीनमध्ये भरल्या. खंड पडला की ग्राहकाची सवय मोडते आणि सवय मोडली की खाते बंद होते, हे त्यांना वीस वर्षांच्या अनुभवातून माहीत होते. संस्थेच्या नियमात हे कुठेही लिहिलेले नव्हते. संस्था मात्र त्याच्यावरच उभी होती.

संगणक प्रणालीची सामाजिक बाजू म्हणतात ती हीच. कोणतेही काम दोन थरांत चालते. एक थर नियमांचा, जो कागदावर असतो आणि म्हणून प्रोग्रॅममध्ये सहज उतरतो. दुसरा थर माणसांनी आपसांत केलेल्या, बहुधा न बोललेल्या तडजोडींचा असतो. कोणी कोणासाठी थांबायचे, काय पाहून न पाहिल्यासारखे करायचे, कोणाला काय कळू द्यायचे नाही, हे सगळे त्यात येते. नवी प्रणाली पहिला थर जसाच्या तसा उचलते आणि दुसऱ्या थराला एक तर गुन्हा ठरवते, नाहीतर त्याची जागाच नाहीशी करते. मग काम अडते आणि दोष वापरणाऱ्यांच्या अडाणीपणाला दिला जातो.

हा विचार कचेऱ्यांत संगणक येण्याच्याही आधीचा आहे आणि तो कोळशाच्या खाणीत जन्मला, ही मला फार बोलकी गोष्ट वाटते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट आणि स्वतः एकेकाळी खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये ब्रिटिश खाणींबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी दोन-चार माणसांची टोळी कोळशाच्या आपापल्या तुकड्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे काम करी. टोळी आपण होऊन जमलेली असे, एखादा आजारी पडला तर इतर सांभाळून घेत. यंत्रे आली तशी कोळशाची लांबच लांब भिंत एकदम कापण्याची पद्धत आली आणि चाळीस-पन्नास माणसे तीन पाळ्यांत विभागली गेली: एका पाळीने कापायचे, दुसरीने पट्टा सरकवायचा, तिसरीने कोळसा भरायचा. यंत्र चांगले होते, पण अपेक्षेइतका कोळसा निघेना. एका पाळीने अर्धवट ठेवलेल्या कामाचा भार दुसरीच्या डोक्यावर येई, आणि दोन्ही पाळ्यांची एकमेकांशी गाठसुद्धा पडत नसे. गैरहजेरी वाढली, भांडणे वाढली. यंत्र आणि माणसांची घडी ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे असून एकाचा विचार करून दुसरे आपोआप जुळत नाही, हे त्यांनी तिथे दाखवले, आणि अशा व्यवस्थेला पुढे समाज-तांत्रिक व्यवस्था हे नाव रूढ झाले.

मामांचे नाव लाल रंगात आले तेव्हा संस्थेत काही जणांनी त्यांच्यावर कारवाईची भाषा सुरू केली होती. ती तिथेच थांबली हे सुदैव, कारण अशीच गोष्ट न थांबल्याचे उदाहरण जगासमोर आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून होरायझन नावाची हिशेबप्रणाली आणली. तिच्यातल्या दोषांमुळे लहान टपाल कार्यालये चालवणाऱ्या लोकांच्या हिशेबात न झालेली तूट दिसू लागली, आणि पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत पोस्ट ऑफिसने स्वतः चालवलेल्या खटल्यांत सातशेहून अधिक जण दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी घरदार विकून तूट भरली. प्रणालीत दोष आहेत हे तिथल्या उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केले आणि शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा २०२४ मध्ये झाला. प्रोग्रॅममध्ये चुका राहतातच, माझ्याही राहतात. या प्रकरणातली भयंकर गोष्ट वेगळी होती. तूट आली तर ती भरण्याची जबाबदारी करारानेच काउंटरवरच्या माणसावर होती, संगणक चुकत नाही असे वरचे लोक धरून चालले होते, आणि तक्रार करणाऱ्या अनेकांना, अशी अडचण फक्त तुम्हालाच येते, असे सांगितले जाई. यंत्राची चूक आणि माणसाची चूक यांत निवाडा कोणी करायचा, हे ठरवणे प्रणाली रचण्याचाच भाग आहे, आणि ते बहुधा कोणीच ठरवत नाही.

याच विषयात जोनाथन ग्रुडिन या अभ्यासकाने १९८८ मध्ये मांडलेला एक मुद्दा मी आता प्रत्येक नव्या कामाच्या पहिल्या बैठकीत काढतो: या प्रणालीमुळे जास्तीचे काम कोणाला करावे लागणार आणि तिचा फायदा कोणाला होणार? दोन्ही उत्तरे एकच असतील तर प्रणाली टिकते. काम एकाचे आणि लाभ दुसऱ्याचा असेल, तर काम करणारा तिला टाळतो, फसवतो किंवा कसाबसा तोंडदेखला वापर करतो. मशीनमध्ये प्रत्येक नोंद भरण्याचे काम एजंटाच्या गळ्यात आले होते आणि अहवाल मात्र व्यवस्थापकांना मिळत होता. मामांना त्यातून मिळाला तो लाल रंग.

सरकारी प्रणालींत हे जास्तीचे काम कोणाकडे सरकते, हे पाहायचे असेल तर आपल्या सीमाभागासारखी जागा नाही, आणि त्याचे कारण नाव. समजा, चंदगड तालुक्यातली सुनंदा लग्न होऊन बेळगाव तालुक्यात आली आणि सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवले गेले. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि आडनाव मराठीत आहे. रेशन कार्डावर सासरचे नाव कन्नडमध्ये आहे. आधारवर तेच नाव इंग्रजीत आहे, पण ते भरणाऱ्या मुलाने ते एक्स घालून लिहिले, आणि बँकेत ते के-एस-एच घालून लिहिलेले आहे. उताऱ्यावर नाव चढले तर ते नवऱ्याच्या नावासह, कधी आडनाव आधी, कधी शेवटी. दक्षिण कर्नाटकात नावाआधी आद्याक्षरे लिहिण्याची रीत असल्यामुळे काही अर्जांत आद्याक्षराचाच रकाना असतो. तिथे आपली माणसे कधी नवऱ्याचे, कधी वडिलांचे, तर कधी गावाचे अक्षर घालून मोकळी होतात.

तांत्रिक बाजूने पाहिले तर देवनागरी आणि कन्नड या दोन लिप्यांइतकी जुळणारी जोडी क्वचित सापडेल. संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांचे तक्ते १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतप्रणालीच्या धर्तीवर मांडलेले असल्यामुळे क, ट, म, अगदी ळसुद्धा दोन्ही तक्त्यांत त्याच त्याच घरात बसतात, आणि एका लिपीतून दुसरीत जाण्यासाठी प्रोग्रॅमला बहुतेक वेळा फक्त एक ठरावीक संख्या मिळवावी लागते. तरीही नाव जुळत नाही, कारण नाव अक्षरांत नसून सवयीत असते. पाटील हे कन्नडमध्ये कोणी ल पूर्ण ठेवून लिहितो, कोणी पाय मोडून. देसाई तिकडे देसायि होतात. चव्हाणांचे इंग्रजीत चार प्रकार मी स्वतः एकाच गल्लीत पाहिले आहेत. गावाच्या नावाचे तेच: बेळगावचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, त्याआधीच्या इंग्रजी कागदांवर बेलगाम आहे, आणि घरात आपण बेळगावच म्हणतो. पोस्टमनला यात कधी अडचण आली नाही. अक्षराला अक्षर ताडून पाहणाऱ्या प्रणालीला मात्र ती तीन वेगळी गावे वाटतात.

आता ग्रुडिनचा प्रश्न इथे लावून पाहावा. नावे जुळवण्याचे काम पूर्वी तलाठ्याच्या किंवा कारकुनाच्या डोक्यात होत होते. ही मारुतीची सून, माहेर चंदगड, एवढे त्याला पुरत असे. त्यात चिरीमिरीला वाव होता, हेही खरेच. प्रणाली आल्यावर कारकुनाचा तो अधिकार गेला, आणि काम लक्ष्मीकडे आले. तिने स्टॅम्प पेपर घ्यायचा, सुनंदा आणि लक्ष्मी ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे करायचे, आधारमध्ये दुरुस्ती करायची, मग बँकेत जायचे, आणि या सगळ्यासाठी दिवसाचा रोज बुडवायचा. कार्यालयाच्या लेखी प्रणालीमुळे वेळ वाचलेला असतो. तो वाचलेला वेळ कोणाच्या दिवसातून काढला, याची नोंद कुठल्याच अहवालात नसते.

यावर तांत्रिक उपाय नाहीत असे नाही, पण ते उपाय निम्मे सामाजिकच असतात. एका व्यक्तीची अनेक नावे ठेवू देणारा, आपल्या जुन्या कागदपत्रांतल्या उर्फसारखा रकाना देता येतो. नाव त्या व्यक्तीने स्वतः ज्या लिपीत दिले तीच मूळ नोंद मानून बाकीच्या लिपींतली रूपे तिला जोडता येतात. उच्चाराने जवळची नावे शोधून दाखवता येतात. पण ही दोन नावे एकाच बाईची आहेत, असे शेवटी म्हणायचे कोणी? तो निर्णय घेण्याचा अधिकार काउंटरवरच्या माणसाला द्यावा लागतो, त्याने तो कशाच्या आधारे घेतला हे लिहून ठेवण्याची सोय करावी लागते, आणि प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय चुकला तर त्याची नोकरी जाणार नाही याची हमी द्यावी लागते. यातली शेवटची गोष्ट कोणत्याही प्रोग्रॅममध्ये लिहिता येत नाही, आणि तिच्यावाचून वरचे तिन्ही तांत्रिक उपाय कोणी वापरत नाही.

भाषेचा विषय इथे निघाला की लगेच आवाज चढतात, आणि त्याची कारणे १९५६ पासूनची आहेत; तो वाद मी इथे घेत नाही. रचना करणाऱ्याने मात्र एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या भागात बोलता येणे आणि वाचता येणे यांच्या रेषा वेगळ्या आहेत. मराठी शाळेत शिकलेली साठीची कितीतरी माणसे बाजारात कन्नड सहज बोलतात, पण कन्नड अक्षर त्यांना लागत नाही. त्यांच्या नातवंडांना दोन्ही लिप्या येतात, पण मराठी जोडाक्षरांशी ती अडखळतात. अशा घरात भाषा निवडा असा एकच पर्याय पडद्यावर देऊन भागत नाही. आजीला कन्नड आवाजातली सूचना चालेल आणि कन्नड पाटी चालणार नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी भाषांतर होते ते मुख्य पानाचे. अर्ज नाकारला गेल्यावर येणारे दोन ओळींचे कारण इंग्रजीतच राहते, आणि माणसाला गरज असते ती नेमकी त्या दोन ओळींची.

रकाना एका कामासाठी केला जातो आणि दुसऱ्याच कामाला जुंपला जातो, हा या विषयातला आणखी एक भाग, आणि त्याचे उदाहरण कर्नाटकातल्या प्रत्येक घराने अनुभवले आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने रेशन कार्डासाठी घरातल्या अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. धान्य घराचेच असल्यामुळे तेव्हा त्या रकान्यात कोणाचे नाव आहे याला फारसे महत्त्व नव्हते, कित्येक घरांत तो नुसता भरून टाकला गेला. दहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, गृहलक्ष्मी योजना सुरू झाली आणि त्याच कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात महिन्याला २००० रुपये येऊ लागले. सासू की सून, हा प्रश्न त्या उन्हाळ्यापासूनच घरोघरी आणि वर्तमानपत्रांत गाजत होता. एकत्र स्वयंपाक, पण खर्च वेगळा असणाऱ्या घरांत तर कुटुंब म्हणजे काय, याचेच उत्तर संगणकाने परस्पर दिलेले होते. शिवाय पैसे जातात ते आधारला सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात. कुठल्याशा कर्जासाठी उघडलेले आणि विसरलेले खाते शेवटचे असेल, तर पैसे तिकडे जमा होतात आणि बाई आपल्या नेहमीच्या बँकेत पासबुक भरून भरून थकते.

जमिनीच्या कागदांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात यश आणि अडचण दोन्ही आहेत. कर्नाटकाने २००० च्या सुमारास भूमी प्रकल्पात हस्तलिखित उतारे संगणकावर आणले. सुमारे दोन कोटी नोंदी, ६७ लाख खातेदार, आणि तालुक्याच्या ठिकाणी तेव्हा १५ रुपयांत छापील उतारा. फेरफाराचे अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने काढावे लागतील अशी अट प्रणालीत घातली होती, आणि ती मला आजही एक उत्तम सामाजिक रचना वाटते, कारण ओळखीच्या माणसाचा कागद वर काढण्याची सोयच तिने काढून घेतली. पण मेल्व्हिन कॉनवे या संगणकतज्ज्ञांनी १९६८ मध्ये म्हटले होते तसे, संस्थेची आतली रचना जशी असते तशीच तिची प्रणालीही बनते. महसूल, मोजणी आणि नोंदणी ही तीन वेगळी खाती, म्हणून भूमी, मोजिणी आणि कावेरी ही तीन वेगळी सॉफ्टवेअर. त्यांना एकमेकांशी जोडले आहे हे खरे, तरी खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या चार भावांना वडिलोपार्जित जमिनीचे पोटहिस्से पाडायचे असले की अकरा-ई नकाशा (पोटहिस्स्याच्या मोजणीचा), वाटणीपत्र आणि पौती खाते (वारसांच्या नावे होणारी नोंद) यांच्यामधले निरोप्याचे काम त्यांनाच करावे लागते. भावांच्या दृष्टीने काम एकच असते, वाटणी.

आणि हे सगळे काम ते भाऊ स्वतः कुठे करतात? ते करतो तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या दुकानातला मुलगा. प्रणाली रचणारे ज्याला वापरकर्ता म्हणतात तो माणूस आपल्याकडे बहुधा दोन माणसांचा बनलेला असतो: ज्याचे काम आहे तो, आणि ज्याला पडदा वाचता येतो तो. पासवर्ड दुसऱ्याच्या वहीत, ओटीपी तिसऱ्याच्या फोनवर, अर्जाची पावती चौथ्याच्या व्हॉट्सॲपवर. सुरक्षिततेच्या नियमांप्रमाणे यातले प्रत्येक पाऊल चुकीचे आहे, आणि यातले एकही पाऊल वगळले तर अर्ज पुढे जात नाही. या मुलाला चोर समजून बाहेर ठेवण्यापेक्षा त्याच्यासाठी दुसऱ्याच्या वतीने भरणारा अशी उघड जागा करून दिली, त्याने काय भरले ते अर्जदाराला वाचून दाखवण्याची पायरी घातली, आणि त्याचे शुल्क पावतीवर छापले, तर तोच माणूस प्रणालीचा सर्वांत उपयोगी भाग ठरू शकतो. मला तरी दुसरा शहाणा मार्ग दिसत नाही.

अशा गोष्टी आधी कळाव्यात म्हणून काय करावे, याचे उत्तर स्वीडन-डेन्मार्कच्या छापखान्यांतून आले आहे. १९८१ ते १९८५ या काळात तिथल्या मुद्रण कामगारांच्या संघटनेबरोबर संशोधकांनी एक प्रकल्प चालवला. पानांची मांडणी संगणकावर जाणार हे दिसत होते, पण तसे यंत्र कामगारांच्या हाती द्यायला तेव्हा उपलब्ध नव्हते. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यावर लेझर प्रिंटर असे लिहून ते टेबलावर ठेवले, कागदाचे पडदे केले, आणि कामगारांना नेहमीचे काम करून दाखवायला सांगितले. कुठे अडते ते लगेच कळू लागले. खऱ्या यंत्रासमोर माणूस आपलीच चूक असेल असे समजून गप्प बसतो; पुठ्ठ्याच्या खोक्याला मात्र तो बेलाशक नावे ठेवतो.

आम्ही तेच केले, फक्त पुठ्ठा मिठाईच्या दुकानातला, कुंद्याच्या खोक्याचा होता. त्याच्यावर बटणे काढली आणि मामांसह चौघा एजंटांना चार दिवस ते घेऊन फिरायला सांगितले. पहिल्याच दिवशी समजले की थर्मल कागदावरची पावती बायका चुलीजवळच्या फळीवर ठेवतात, तिथे कागद काळा पडतो आणि पुरावा संपतो. म्हणून जाड कार्ड परत आले आणि त्यावर एजंटाची सहीही. मशीनमध्ये पदरचे घातले अशी वेगळी नोंद आली, जी लाल होत नाही, पण आठवड्यात फिटली नाही तर मामांनाच आठवण करते. रात्री एकदम भरलेल्या नोंदीही चालू लागल्या; अट एवढीच की त्या कार्डावरच्या आकड्यांशी महिन्यातून एकदा ताडून पाहायच्या, आणि ते ताडण्याचे काम एजंटाकडे न देता संस्थेतल्या माणसाने ग्राहकाच्या दारी जाऊन करायचे.

एसएमएसवर मात्र संचालक मंडळात तीन बैठका झाल्या. संदेश बंद केला तर फसवणुकीला वाट मोकळी होते, चालू ठेवला तर तांदळाचा डबा उघडा पडतो, आणि दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शेवटी अर्जात तीन पर्याय आले: संदेश या क्रमांकावर पाठवा, माझ्या सांगण्यावरून दुसऱ्या व्यक्तीच्या क्रमांकावर पाठवा, किंवा संदेश नको, मी शिल्लक संस्थेत येऊन पाहीन. हे विचारायचे ते खाते उघडताना, ग्राहक एकटा असताना, आणि तोंडी. शहापूरच्या त्या बाईंनी दुसरा पर्याय घेतला आणि हिंडलग्यात राहणाऱ्या बहिणीचा क्रमांक दिला. तिसरा पर्याय घेणाऱ्यांच्या नावापुढे मोबाईलचा रकाना रिकामा राहतो, आणि दर मार्चनंतर येणारे लेखापरीक्षक तो रिकामा का, असे न चुकता विचारतात. त्यांना द्यायचे उत्तर व्यवस्थापकांनी एकदा टाइप करून ठेवले आहे. दर वर्षी फक्त वरची तारीख बदलतात.